अकरा हजारांचं घर

गोपाळअण्णा तडवळकरांनी उभ्या जन्मात कुणाकडून पैसा उसना घेतला नव्हता. आमच्या कारखान्यात सगळ्यांचा तसा समज होता, आणि सगळ्यांत पक्का समज त्यांचा स्वतःचा होता.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा चादरींचा कारखाना. अण्णा तिथं बावीस वर्षं हिशेबाला, मी माल रवाना करायच्या खात्यात. वयानं ते माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळाला गंध. पगार साडेचोवीस हजार. दुपारी गेटबाहेरच्या टपरीवर ते चार-पाच जणांना स्वतःच्या पैशानं चहा पाजत आणि चहा येईपर्यंत शिकवत.

"सात तारखेला अकरा हजार बायकोच्या हातात ठेवतो. दोन हजार सोळापासून. मी एक रुपया वाढवला नाही आणि तिनं एक रुपया जास्त घेतला नाही. घर चालतं की नाही? चालतंच की. प्रदीप, पैसा कमी पडत नसतो, माणूस ढिला पडतो."

मला ते पटायचं. मी घरी जाऊन प्रतिक्षाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते जसंच्या तसं ऐकवायचो. तडवळकरांच्या घरी दोन मुलं, चार माणसं, तरी अकरा हजारांत भागतं, आणि आपल्याला का पुरत नाही? ती ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी गेटवर ट्रक भरून घेत होतो. मोटारसायकलवरून एक मुलगा आला, पाठीला बॅग, गळ्यात ओळखपत्र. गोपाळ तडवळकर इथंच असतात का, असं त्यानं विचारलं. मी त्याला हिशेबाच्या खोलीत घेऊन गेलो. अण्णा सुताच्या बिलांवर मान घालून बसले होते.

"लीला गोपाळ तडवळकर तुमच्या कोण, साहेब?"

"पत्नी. का?"

"दोन हप्ते थकलेत. घराला दिवसा कुलूप असतंय. गटातल्या बायका म्हणाल्या, त्या गावाला गेल्यात. कागदावर जामीनदार म्हणून तुमचं नाव आहे, म्हणून इथं आलो."

लीलावहिनी आठवडाभर मोडनिंबला होत्या, आईच्या आजारपणासाठी. तेवढं खरं होतं. बाकीचं ऐकून अण्णा हसले.

"नाव सारखं असेल हो. आमच्या घरात कर्ज नसतं."

त्या मुलानं काही वाद घातला नाही. मोबाइल काढला, एक फॉर्म उघडला, बोटांनी मोठा केला आणि टेबलावर ठेवला. "ही सही तुमचीच ना?"

अण्णांची सही आम्ही सगळे ओळखतो. 'गो'चा काना खाली ओढलेला आणि नावाखाली दोन रेघा. कारखान्यातली एकही पावती त्या सहीशिवाय सुटत नाही आणि न वाचता अण्णा सही करत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माझीच आहे," ते म्हणाले. मी दोन हातांवर उभा होतो, तरी मला जेमतेम ऐकू आलं.

"किती बाकी आहे?"

"आमच्याकडचे अडुसष्ट हजार. दुसऱ्या दोन कंपन्यांचं मला नाही सांगता येणार."

 दुसऱ्या दोन म्हणजे काय, हे अण्णांनी विचारलंसुद्धा नाही. मुलगा नंबर लिहून देऊन गेला. संध्याकाळपर्यंत सुताचं ते बिल तसंच उघडं पडलं होतं.

वहिनी दुसऱ्या दिवशी परतणार होत्या. सुटी झाल्यावर अण्णा माझ्या गाडीपाशी आले आणि म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर घरी चल. एकटा असलो तर मी काहीतरी बोलून बसेन." मी नको म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणता आलं नाही.

भवानी पेठेत त्यांच्या वडिलांनी घेतलेलं घर आहे. माडीवर दोन खोल्या, खाली भाडेकरूचे दोन माग. माग चालू असले की वरची फरशी पायाला थरथरते. आम्ही गेलो तेव्हा वहिनी नुकत्याच आल्या होत्या, पिशवीसुद्धा सोडलेली नव्हती. त्यांची मोठी मुलगी भार्गवी चहा ठेवत होती. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला. धाकटा ओजस डिप्लोमाला, तो अजून यायचा होता.

अण्णांनी उभ्यानंच विचारलं, "तू कर्ज काढलंयस?"

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. "होय. तीन ठिकाणचं आहे. सगळं मिळून एक लाख चौऱ्याहत्तर हजार राहिलेत."

त्या नाही म्हणतील, रडतील, असं मला वाटलं होतं. आकडा त्यांना तोंडपाठ होता.

"माझी सही कुठनं आली?"

"तुम्हीच केली. बचत गटाचे कागद आहेत म्हणून सांगितलं होतं मी. तुम्ही बातम्या बघत होता. कुठं करू म्हणालात, मी बोट ठेवलं."

"आणि उडवलेस कशावर एवढे पैसे?"

वहिनी त्यांच्याकडे शांतपणे बघत म्हणाल्या, "खाल्ले आपण."

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, शेजारणीला सांगावं तसं. अकरा हजार ठरले तेव्हा ज्वारी बावीस रुपये होती, आता पंचेचाळीसच्या खाली मिळत नाही. तेलाचा डबा दुपटीला गेला. पहिल्या दोन वर्षांत कसंबसं भागलं. मग अण्णांच्या भाचीचं लग्न निघालं आणि अण्णा म्हणाले, आपल्या नावाला शोभेल असा आहेर कर. पहिलं कर्ज त्या आहेराचं. वीस हजार. ते फेडायला दुसरं, दुसऱ्याचा हप्ता चुकू नये म्हणून तिसरं.

"तुझ्या बांगड्या मोडू," अण्णा म्हणाले. "चार तोळे आहेत. उद्याच्या उद्या मोकळे होऊ."

वहिनींनी उजव्या हातातली बांगडी काढून त्यांच्या हातात दिली. "ही एक ग्रॅमची आहे. खऱ्या बांगड्या लॉकडाऊनमध्ये गहाण टाकल्या. कारखान्यानं चार महिने अर्धा पगार दिला, तेव्हा तुम्ही घरात सहा हजार देत होता. सोडवायला जमलं नाही, लिलावात गेल्या."

अण्णांनी बांगडी तळहातावर तोलली. तीन वर्षं रोज जेवताना तो हात त्यांना वाढत होता.

भार्गवीनं चहा आणून ठेवला. तो कुणी घेतला नाही. मी निघतो म्हणालो, पण अण्णांनी माझा दंड धरला आणि माझ्यादेखत बायकोला सांगितलं, "तुला पैशाची वळणंच कळली नाहीत. पुढच्या सात तारखेपासून घर मी चालवतो. अकरा हजारांतच. आणि त्यातनं वाचवून तुझं कर्ज फेडून दाखवतो."

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि खुंटीवरची बाजाराची पिशवी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

अण्णा कामाला लागले. सप्टेंबरच्या सात तारखेला संध्याकाळी बसलिंगप्पांच्या किराणा दुकानातून त्यांनी महिन्याचा माल एकदम भरला. प्रत्येक वस्तूची घासाघीस केली. बसलिंगप्पा नंतर मला म्हणाले, "अण्णांना शेंगदाण्याचा भावच माहीत नव्हता की. मी लुटतोय असं त्यांना वाटलं." अण्णांनी वर्तमानपत्र बंद केलं, एक लिटरचं दूध अर्ध्यावर आणलं, डाळीला पाणी वाढवलं. ओजसचा रोजचा वडापाव बंद. टपरीवर ते मला रोज सांगायचे, आज इतके वाचले. मी मान हलवायचो.

मग विजेचं बिल आलं. मग त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. गेली कित्येक वर्षं त्या गोळ्या फळीवर आपोआप येऊन बसतात, असं त्यांच्या मनात कुठंतरी असावं. सहाशे चाळीस रुपये. त्यांनी दुकानदाराला दोनदा विचारलं म्हणे, महिन्याच्याच आहेत ना? मग बहीण-मेहुणे जेवायला आले. गणपती आले. ओजसचा बसचा पास.

पंचवीस तारखेला सकाळी अण्णा मालाच्या गोदामात माझ्याकडे आले. तिथं ते कधी येत नसत, धागे कपड्याला चिकटतात म्हणून. बराच वेळ गठ्ठ्यांवरचे नंबर वाचत उभे राहिले.

"प्रदीप, हजार रुपये आहेत का?"

मला आधी कळलंच नाही.

"गॅस संपला. परवाच संपले सगळे. सतरा दिवस." ते गठ्ठ्यावर बसले. "मी एक पैसा वाया घालवला नाही रे. एकही नाही. सतरा दिवसांत अकरा हजार जातात. तिनं सात वर्षं कसं काढलं?"

मी पैसे दिले. त्या रात्री जेवताना मी प्रतिक्षाला विचारलं, तुला माझ्याकडून मिळतात त्यात महिना निघतो का. ती एका दवाखान्यात केसपेपर काढते. म्हणाली, "माझ्या पगारातनं दोन-अडीच हजार घालते की दर महिन्याला. तुम्हाला माहीत नव्हतं?" मला माहीत नव्हतं. मी तिच्या पैशातून आमची बचत होते आहे, असं धरून चाललो होतो.

पण अण्णांना खरा धक्का बसला तो त्याच आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता.

वहिनी दुपारी देवळात गेल्या होत्या. अण्णा एकटेच घरी. जिन्यात पावलं वाजली आणि शेजारची दानेश्वरी दारात आली. डोक्यावर कापडाचा मोठा गठ्ठा. सुट्टीच्या दुपारी अण्णा एरवी मित्रांकडे असायचे, त्यामुळे ती बोलतच आत आली.

"वैनी, ह्ये शंभर हायत. त्यांना परवा सकाळीच पायजेत म्हनं." आणि समोर अण्णा बघून थबकली.

"कसले शंभर?"

दानेश्वरीला खोटं बोलता आलं नाही. चादर मागावरून उतरली की तिच्या दोन्ही टोकांना धागे मोकळे सुटलेले असतात. त्यांना पीळ घालून गाठी माराव्या लागतात. ते काम कारखाने पेठेतल्या बायकांना घरी देतात, नगावर पैसे. दानेश्वरीच्या नावानं माल यायचा, आणि त्यातला निम्मा लीलावहिनी करायच्या. सगळे बाहेर गेले की दारामागे बसून. पाच वर्षं.

अण्णांनी गठ्ठा उतरवून घेतला. वर चिठ्ठी होती. आमच्या कारखान्याची. नग शंभर, दर अडीच रुपये, आणि खाली त्यांची स्वतःची सही. काना ओढलेली, दोन रेघांची.

आता हा दर अडीच कसा झाला, ते मला माहीत आहे, कारण तो ठरला तेव्हा मी मालकांच्या खोलीत होतो. आधी तीन रुपये होता. त्याच्या दीड वर्ष आधी सूत महागलं तेव्हा मालकांनी विचारलं, खर्च कुठं कमी करता येईल? अण्णांनी कागद पुढे केला. "गाठीच्या कामाचे पन्नास पैसे कमी करू. बायका घरी बसूनच करतात. कुणी सोडून जायचं नाही." मालकांना कल्पना आवडली. त्या दिवाळीला त्यांनी अण्णांना पाकिटात पाचशे रुपये जास्त घातले आणि अण्णांनी त्यातून आम्हाला भजी खिलवली.

"दानेश्वरीला मी विचारलं," अण्णा मला सांगत होते, "दर कमी झाला तेव्हा ही काय म्हणाली? तर ती म्हणाली, वैनी काहीच बोलल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, ह्यांनी सही केली असेल तर विचार करूनच केली असेल."

कारखान्याबाहेर माझ्या गाडीच्या सीटवर हात टेकून ते उभे होते. रडले नाहीत. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्याला आठवडा झाला. मग एक दिवस डब्याच्या सुटीत एका कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतःचा पगार मांडला. घरात अकरा हजार. भार्गवीच्या लग्नासाठी पोस्टात चार हजार. ओजसच्या फीचे तीन. ही बेरीज अठरा. मग राहिलेले साडेसहा हजार कुठं जातात, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहून काढलं. मित्रांची दोन हजारांची भिशी. पेट्रोल. आम्हाला पाजलेला चहा. गाणगापूरच्या वाऱ्या, देणग्या, वर्गण्या, पावतीवर छापून येणारं नाव. घरखर्चात यातलं काही त्यांनी कधी धरलंच नव्हतं. पुरुषाच्या खिशातला पैसा म्हणजे खर्च नव्हे, असं आम्ही सगळेच धरत आलो होतो.

"सव्वीस टक्के व्याजाचं कर्ज घरात," ते म्हणाले, "आणि मी सात टक्क्यांनी पोस्टात पैसे साठवतोय. कारखान्याचं असं झालं असतं तर मी एका दिवसात मालकाला सांगितलं असतं."

पोस्टातले पैसे मोडायचा विषय त्यांनीच घरी काढला. भार्गवी म्हणाली, "मोडा बाबा. लग्न ठरलंय कुठं अजून." एक लाख चार हजार आले. दोन कंपन्यांची खाती बंद झाली. तिसरीचे सत्तर हजार राहिले.

भिशी त्यांनी सोडली. मित्रांनी बोल लावला. आपली गाडी भाडेकरूला भाड्यानं चालवायला दिली आणि ते पेठेतून शेअर रिक्षानं आणि पुढं पायी यायला लागले. पगार होता तो सगळा वहिनींच्या खात्यात. रोज सकाळी वहिनी त्यांना साठ रुपये देत. चहाच्या वेळी ते टपरीकडे न येता आपल्या खोलीतच बसत. एकदा मी ओढून नेलं तर अर्धा कप प्यायले आणि आपले पाच रुपये टपरीवाल्यासमोर ठेवले. वर्गणी मागायला माणसं आली की ते म्हणत, "घरी विचारून सांगतो." बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या माणसाला ते वाक्य किती जड जात असेल, ते त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, त्यावरून कळायचं.

घरात मात्र दूध पुन्हा एक लिटर झालं. वहिनींनी तेवढी एक अट घातली होती.

अण्णा मालकांकडेही गेले. गाठीचा दर पुन्हा तीन रुपये करावा म्हणून. मी बाहेर उभा होतो. मालक हसत म्हणाले, "तडवळकर, तुम्हीच म्हणाला होता ना, कुणी सोडून जायचं नाही? कुणी गेलं का?" अण्णा म्हणाले, "माझी बायको आहे त्यात." मालकांनी हसणं आवरलं. पण दर काही वाढला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यांनी वाढवला, तेव्हा आमच्याकडे पंचवीस पैसे वाढले, तेवढंच.

शेवटचा हप्ता गेल्या वर्षी जानेवारीत गेला. त्या रविवारी अण्णांनी मला आणि प्रतिक्षाला जेवायला बोलावलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, डाळ आणि थोडा शिरा. अण्णा ताटं घेत होते, पाणी देत होते. पूर्वी मी त्यांना पाटावरून उठताना पाहिलेलं नव्हतं. वहिनींच्या बोटांच्या टोकांना धाग्यांनी पडलेल्या बारीक चिरा प्रतिक्षानं बघितल्या आणि त्यावर काय लावता, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तूप.

जेवणं झाल्यावर माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं ते मी विचारलं. "वहिनी, एक विचारू? सात वर्षांत तुम्ही अण्णांना एकदा तरी सांगायचं होतं की पुरत नाही म्हणून."

वहिनी सुपारी कातरत होत्या. "सांगितलं होतं की."

अण्णांनी वर बघितलं. "कधी?"

"एकदा ओजस सातवीत होता तेव्हा. एकदा तुमच्या बहिणीकडचं लग्न झाल्यावर."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, जरा बघ कुठं गळतंय ते. दोन्ही वेळा तेच म्हणालात."

"मी असं म्हणालो?"

"होय."

खाली मागवाल्यानं माग सुरू केले आणि फरशी थरथरायला लागली. अण्णा आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळावर आठ्या घालून, एखादी जुनी पावती शोधावी तसे. शेवटी ते बायकोकडे न बघता म्हणाले, "मला काहीच आठवत नाही, लीला."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या आणि सुपारीचं तबक त्यांनी प्रतिक्षापुढे केलं.